सहीपेक्षा मजकूर

माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट आधी दुखणं सांगतो. रामटेके मावशींनी आधी प्रश्न विचारला.

रायपूरच्या समता कॉलनीत माझं फिजिओथेरपीचं छोटंसं क्लिनिक आहे. त्या आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. साठी ओलांडलेली, उंच, सावळी बाई. केस मागे घट्ट बांधलेले, सुती साडी आणि मनगटावर पुरुष घालतात तसलं मोठं घड्याळ. मी त्यांना पलंगावर झोपवलं, खांद्याखाली उशी सरकवली, शेकायची पिशवी ठेवली. त्या छताकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, याले मराठीत काय म्हणतेत?"

"कशाला?"

"या दुखण्याले. तुमच्या चिठ्ठीवर फ्रोझन शोल्डर लिहून आहे. मराठीत काय?"

आमचं घर पुरानी बस्तीतलं. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात इथं आलेली माणसं आम्ही, घरात अजून मराठी बोलतो, पण माझं सगळं शिक्षण हिंदीत आणि इंग्रजीत झालेलं. पेशंटला मी 'कंधा जाम हो गया है' एवढंच सांगत आले होते. जरा विचार करून म्हटलं, "खांदा आखडणे."

त्यांनी ते मनाशी म्हणून पाहिलं. "चालंल. पण कोण्या पुस्तकात आहे काय?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न. पुढं किती वर्षं तो मी ऐकणार होते, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

पुढच्या खेपेला त्या आल्या आणि डाव्या हातानं मोबाइल माझ्यापुढे धरला. इंटरनेटवर मराठीतला एक मोठा ज्ञानकोश आहे, तो कोणीही वाचू शकतो आणि कोणीही लिहू शकतो, हे मला ऐकून ठाऊक होतं. तो लिहिणारी माणसं कुठं राहतात, कशी दिसतात, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. त्यातली एक माझ्या पलंगावर बसून मला 'खांदा आखडणे' नावाचं पान दाखवत होती. दुखऱ्या हातानं, एका बोटानं लिहिलेलं. सांध्याभोवतीचं आवरण कसं घट्ट होतं, मधुमेह असणाऱ्यांना हे जास्त का होतं, कोणते व्यायाम करायचे, सगळं नीट, साध्या मराठीत. आयुष्यभर ज्याच्यावर उपचार केले ते दुखणं मी पहिल्यांदा माझ्या भाषेत वाचत होते.

मी एक दुरुस्ती सुचवली. त्या म्हणाल्या, "याले पुरावा?"

"माझा अनुभव आहे, मावशी. इतकी वर्षं हेच करते आहे."

"तुमचा अनुभव खरा असंल व. पण कोशात तो चालत नाही. छापील पायजे."

संध्याकाळी मी माळ्यावरून कॉलेजची पुस्तकं काढली. पान सापडलं तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला.

मावशींचं नाव प्रमिला. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला आले आणि गुढ़ियारीत राहिले. मावशी त्याच घरात वाढल्या आणि लग्नानंतरही फार लांब गेल्या नाहीत. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी भिलाईला संसारात. मावशींनी नोकरी केली ती एका सरकारी खात्यात, आस्थापना शाखेत. टंकलेखक म्हणून लागल्या, अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. बदल्या, रजा, बढत्या, चौकशा, ज्येष्ठतेची भांडणं, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. त्या खोलीत शिरताना माणसं चप्पल सावरून चालायची, असं त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं. ते ऐकून मी एकदा विचारलं, "मावशी, एवढा मोठा अधिकार होता. आठवण येत असेल ना?"

त्या हसल्या. "प्रत्येक बढतीत माझं काम कमी झालं अन् सही वाढली. शेवटी शेवटी तर मी दिवसभर फक्त सही करत होती. इतक्या कागदावर केली, त्यातला एक तरी कागद आता कोणी वाचून राहिलं असंल काय?"

त्यांचं घर मी खांद्याचा व्यायाम तपासायला म्हणून पहिल्यांदा पाहिलं. मागून मालगाड्या जातात आणि डबे जोडताना भिंती हलतात. खिडकीशी शिलाई मशीन होतं, त्यातलं यंत्र काढून टाकलेलं आणि लाकडी पाट्यावर लॅपटॉप. मावशी लिहायला बसल्या की पाय मशीनच्या पायट्यावर जायचे. वाक्य अडलं की पायटा हळू हलायचा, सुचलं की थांबायचा. गॅसवर दूध उतू जात होतं. मी धावत जाऊन बंद केलं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

काही शब्दांशी त्यांचं वैर होतं. 'प्रसिद्ध' हा पहिला. कुठल्याही पानावर 'प्रसिद्ध मंदिर', 'प्रसिद्ध तलाव' दिसलं की त्या तो शब्द काढून टाकायच्या. "कोणाले प्रसिद्ध? तिथं राहणाऱ्याले तर ठाऊकच आहे, बाहेरच्याले ठाऊक असतं तर तो इथं वाचाले काहून आला असता?" त्या जागी तलावाचं पाणी कुठून येतं, घाट कोणी बांधला, उन्हाळ्यात तो आटतो का, हे लिहायच्या. 'वगैरे'वरही तसाच राग. "वगैरे म्हणजे लिहिणाऱ्याले पुढचं येत नाही." त्यानंतर माझ्या तोंडून 'वगैरे' निघालं की मीच वाक्य अर्ध्यात तोडायची.

कोशात भांडणंही पुष्कळ होतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याच्यासाठी तिथं एक चावडी आहे, म्हणजे सगळ्यांनी बोलायचं पान. नियम कसे असावेत, कोणाला प्रचालक करावं, कोणाचं प्रचालकपद काढून घ्यावं. प्रचालक म्हणजे ज्याला पान पुसता येतं, पानाला कुलूप घालता येतं, एखाद्या सदस्याचं लिहिणं बंद करता येतं. चावडीवर माणसं दिवसचे दिवस तावातावानं लिहायची. मावशी तिथं फिरकायच्या नाहीत. मी एकदा उत्सुकतेनं ते वाचत बसले आणि त्यांना सांगायला लागले, कोण कोणाला काय म्हणालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात वाचणाऱ्याले काय भेटलं?"

मी मोबाइल खाली ठेवला.

"मग चाल, भाजी घ्याले जाऊ."

भाजीबाजार हे त्यांच्या कामाचं ठिकाणच होतं. उन्हाळा सुरू झाला होता. एका बाईच्या टोपलीत बारीक हिरव्या कळ्यांचा ढीग होता, आणि घ्यायला गर्दी. इथं तिला बोहार भाजी म्हणतात. वर्षातून थोडेच दिवस मिळते, आंबट घालून करतात आणि रायपूरची माणसं तिच्यासाठी वाट बघतात. मी लहानपणापासून खाल्लेली. मावशींनी एक डहाळी उचलली, पान उलटसुलट केलं, वास घेतला आणि त्या भाजीवालीला विचारायला लागल्या. झाड केवढं असतं? फळ लागतं का? फळ पिकलं की आत चिकट असतं का? भाजीवाली आधी वैतागली, मग खुलली. फळ चिकट असतं, लहानपणी आम्ही त्यानं कागद चिकटवायचो, असं तिनं सांगितलं. मावशी माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे असे मोठे झाले होते की मला वाटलं यांना चक्कर येते आहे.

"वर्षा! हे भोकर आहे व! आपल्याकडं ज्याचं लोणचं घालतेत ते भोकर. आपण फळ खाऊन राहिलो अन् हे लोक कळी खाऊन राहिले. एकच झाड, अन् एकमेकाले ठाऊक नाही."

खरं तर मला त्यात एवढं काय, हे तेव्हा कळलं नाही. त्यांनी ते लगेच लिहिलंही नाही. भाजीवालीचं म्हणणं छापील नव्हतं. त्यांनी कृषी विषयाच्या पुस्तिका धुंडाळल्या, एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं, आणि आंब्याचे दिवस सरत आले तेव्हा कुठं एका पुस्तिकेत दोन्ही नावं शेजारीशेजारी सापडली. मराठीतल्या 'भोकर' या पानावर एक परिच्छेद वाढला. मावशींनी त्या दिवशी क्लिनिकमध्ये पेढे आणले होते. आत आलेल्या एका पेशंटनं विचारलं, "दीदी, किस खुशी में?" त्या म्हणाल्या, "भोकर पूरा हो गया."

आता मण्यारचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

मावशींच्या गल्लीत सोनबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा मिस्त्रीकाम करायचा, ती त्याच्या हाताखाली. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारं घर. एके दिवशी पहाटे सोनबाईच्या पोटात कळ आली. घरच्यांनी ओवा दिला, मग ॲसिडिटीची गोळी दिली. अंगावर कुठं काही खूण नव्हती. तिच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं झोप येते आहे, झोपू दे. दिवस चढला तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. अंथरूण झटकलं तेव्हा त्यातून करैत निघाला. काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा. आपण मराठीत ज्याला मण्यार म्हणतो तो.

मावशी त्या घरी दिवसभर बसल्या. घरी येऊन त्यांनी कोशातलं मण्यारचं पान उघडलं. त्यात एक वाक्य होतं: चावलेल्या जागी सूज किंवा आग नसेल तर विष भिनलं नाही असं समजावं. खाली चीर देऊन रक्त काढण्याचा सल्ला.

मला त्यांचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "सोनबाईले सूज नव्हती. पापण्या मिटत होत्या. अन् इथं लिहून आहे की सूज नाही तर घाबरू नका. तुझ्या ओळखीत सापाचं पाहणारा कोणी डॉक्टर आहे काय?"

त्यांनी ते वाक्य काढलं होतं. पण पान मूळ लिहिणाऱ्या सदस्यानं ते परत घातलं, एका जुन्या पुस्तकाचा दाखला देऊन. मावशींनी पुन्हा काढलं, त्यानं पुन्हा घातलं. असं काढघाल होत असताना एका प्रचालकाचं तिकडं लक्ष गेलं. चावडीवर तेव्हा नवे प्रचालक कोण व्हावेत यावरून मोठं रण पेटलं होतं आणि सगळेच वैतागलेले होते. त्यानं मजकूर वाचला नाही. संपादनयुद्ध चाललंय एवढं पाहिलं, पानाला आहे त्या स्थितीत कुलूप घातलं आणि मावशींचं लिहिणं आठवड्यासाठी बंद केलं. ते घातक वाक्य कुलपाच्या आत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टर साहूंकडे घेऊन गेले. मला वाटलं मावशी रागानं धुमसत असतील. आस्थापना शाखेच्या अधीक्षक होत्या त्या. चौकशी कशी लावायची, अपील कसं करायचं, समोरच्याला नियमानं कसं कोंडीत पकडायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला येणार? रिक्षात मी म्हणालेही, "मावशी, त्या प्रचालकाची तक्रार करा. सरळ अन्याय आहे हा."

"करीन तर जिंकीन," त्या म्हणाल्या. "पण त्यात पंधरवडा जाईन, अन् तेवढे दिवस ते वाक्य तिथंच राहीन. पावसाळा आहे वर्षा."

डॉक्टर साहूंनी त्यांना बसवून सगळं समजावलं. मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. सूज येत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वासाचे स्नायू थांबतात. चीर द्यायची नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. आरोग्य खात्याची उपचारांची छापील पुस्तिका त्यांनी कपाटातून काढून दिली. मावशी एकेक ओळ वाचत होत्या आणि विचारत होत्या, "हे कोण्या पानावर आहे?" बाहेर पेशंटांची रांग लागली होती. डॉक्टरांनी कंपाउंडरला हातानंच थांबवलं आणि ते मावशींना उत्तर देत राहिले.

ज्याचं लिहिणं बंद केलं आहे त्याला कोशात एकच जागा उरते, स्वतःचं चर्चा पान. तिथं माणसं सहसा लिहितात की माझ्यावर अन्याय झाला, मला सोडा. मावशींनी शिलाई मशीनपाशी बसून जे लिहिलं ते मी त्यांच्या मागं उभी राहून वाचलं. त्या बोलताना नागपुरी आणि लिहिताना अगदी शाळेतलं मराठी लिहायच्या.

'मला बंदच ठेवावे, माझी हरकत नाही. नियमानुसार माझी चूक असू शकते. परंतु मण्यार या पानातील पुढील वाक्य आजच्या आज काढावे. ते वाचून माणूस मरू शकतो. पुरावा खाली पृष्ठक्रमांकासह देत आहे.'

खाली पुस्तिकेचं नाव, पान, ओळ. आणि मग सबंध दुरुस्त केलेला लेख, जसाच्या तसा उचलून लावता येईल असा. सोनबाईचं नाव कुठं नव्हतं, आणि स्वतःबद्दल त्या पहिल्या दोन ओळींपलीकडे एक अक्षरही नाही.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा पुन्हा दगडासारखा कडक झाला होता.

तो प्रचालक 'सह्यवासी' या नावानं लिहायचा. खरं नाव मला आजही ठाऊक नाही. साताऱ्याकडचा कोणी तरुण इंजिनियर, एवढंच. संध्याकाळपर्यंत त्यानं ते वाचलं. मग पान उघडलं, वाक्य काढलं, मावशींचा लेख लावला, मावशींचं लिहिणं सुरू करून दिलं आणि त्यांच्या चर्चा पानावर लांबलचक माफी लिहिली. मी मजकूर न वाचता निर्णय घेतला, मला झोप येणार नाही, असं काय काय.

मावशींनी उत्तर लिहिलं: 'आभार. दुसऱ्या परिच्छेदात उलटीचे लक्षण राहिले आहे, तेवढे घालावे.'

दिवाळीनंतर त्या पानाच्या चर्चेत कोणा अनोळखी माणसानं चार ओळी लिहिल्या. डोंगराकडच्या एका आश्रमशाळेत ते शिक्षक होते. वसतिगृहातली एक मुलगी पहाटे पोट दुखतं म्हणून उठली. सूज नाही, खूण नाही. पण तिच्या पापण्या पडताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि हे पान काही दिवसांपूर्वीच वाचलेलं आठवलं. मुख्याध्यापकांची गाडी मागून त्यांनी तिला सरळ जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. बरेच दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. आता शाळेत परत आली आहे. लिहिणाऱ्यांचे आभार.

मावशींनी ते मला क्लिनिकमध्ये वाचून दाखवलं. अर्ध्यात त्यांनी मोबाइल माझ्या हाती दिला, उरलेलं मी वाचलं. त्या बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "पण हे लेखात नाही टाकता येत व."

"का?"

"छापील नाही."

मी हसले, आणि हसता हसता माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. बाहेर बसलेल्या पेशंटला वाटलं असेल, आत दोघीजणी फार दुखेल असं काही तरी करताहेत.

त्यानंतर सह्यवासीनंच त्यांचं नाव प्रचालकपदासाठी पुढं केलं. चावडीवर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही या एका नावावर एक झाली. ओळीनं पाठिंब्याच्या सह्या पडायला लागल्या. मावशींनी मात्र होकार दिला नव्हता. शेवटी त्यानं त्यांच्याशी बोलायची परवानगी मागितली, आणि तो फोन आला तेव्हा मावशी माझ्याकडे व्यायाम करत होत्या. त्यांनी स्पीकर लावला.

"काकू, तुम्ही नाही म्हणू नका. तुमच्यासारखं माणूस असतं तर मण्यारचं तसं झालंच नसतं."

"झालं असतं बेटा," मावशी म्हणाल्या. "तेव्हा तुझ्याजागी मी असती, समोर दहा भांडणं असती, तर मीही मजकूर न वाचता कुलूपच घातलं असतं. मी आयुष्यभर तेच केलं आहे. खुर्ची तशीच करते माणसाले."

"पण विश्वासाचं माणूस पाहिजे ना तिथं?"

"पायजेच. तुम्ही आहात न. तुम्ही कचरा काढता, दारं सांभाळता, म्हणून आम्ही बसून लिहितो. त्या कामाले मी हलकं म्हणत नाही. पण पहा, मी प्रचालक झाली की लोक मले काय आणून देतील? तक्रारी. आता लोक मले काय आणून देतेत? परवा आमच्या दूधवाल्यानं एक बी आणून दिलं, म्हणे दीदी, हे कशाचं ते शोधा. ते बी मले पायजे."

मग तो म्हणाला, "काकू, मी स्वतः या कोशात शेवटचा लेख कधी लिहिला ते मलाच आठवत नाही."

"कोणत्या गावचा तू?"

त्यानं एका लहानशा खेड्याचं नाव सांगितलं.

मावशींनी एका हातानं मोबाइलवर ते शोधलं. "तुझ्या गावचं पान नाही आहे. काहून नाही? तुमच्याकडं पाणी कुठून येते? बाजार कोणत्या वारी भरते?"

तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग भराभर. नदी, एक पडका बंधारा, गुरुवारचा बाजार, शाळेसमोरचं चिंचेचं झाड. मावशी मधून मधून "पुरावा?" म्हणत होत्या. प्रचालकपदाचा विषय पुन्हा निघाला नाही. आठवड्याभरानं त्याच्या गावाचं पान कोशात आलं, त्यानं स्वतः लिहिलेलं. 'एक प्रसिद्ध बंधारा' असं त्यानं लिहिलं होतं. मावशींनी फक्त एक शब्द काढला.

मला कोणी सांगितलं असतं की लेखणी हाती धरलेल्या बाईनं अधिकार नाकारला, तर मी त्याला त्याग म्हटलं असतं. मावशींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी त्यागाचं काही नव्हतं. जेवणाच्या ताटावरून कोणी उठवू पाहावं आणि आपण हात झटकून पुन्हा घास घ्यावा, तशा त्या दिसत होत्या. एवढ्या भुकेचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. या शहरातलं झाड, मासा, तलाव, भांडं, खेळ, काहीच त्यांना मामुली वाटत नसे. मी इथंच जन्मले, इथंच वाढले. त्यांच्या बरोबर चालताना मात्र रायपूर मला दुसरंच कोणतं तरी गाव वाटायचं.

खांदा केव्हाच बरा झाला होता. त्या यायच्या ते प्रश्न घेऊन. मग डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली. काचबिंदू निघाला, तोही उशिरा. अक्षरं मोठी करून करून एका पडद्यावर चारच शब्द मावायला लागले तरी त्या लिहीत होत्या. भिंतीला हात लावून चालावं लागलं तेव्हा मुलगी त्यांना भिलाईला घेऊन गेली. मावशींनी फार विरोध केला नाही. गुढ़ियारीचं घर बंद झालं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी मी भेटायला गेले. मुलीचं घर टाउनशिपमधलं, पुढं ओटा, ओट्यापुढं लहानशी बाग. मावशी उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्यांनी चेहरा वर केला, पण नजर माझ्या कानाजवळून कुठं तरी गेली.

"काय व वर्षा, आली? बस. मले बासीचं पान वाचून दाखव."

रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खातात ती बासी. मावशींनी फार पूर्वी कोशात तिच्यावर थोड्याशा ओळी लिहून ठेवल्या होत्या, पुरावे मिळाले नाहीत म्हणून अर्धवट राहिलेल्या. मी पान उघडलं तर ते चांगलं लांबलचक झालेलं. कोणी गोंदियाकडच्यानं तिथली पद्धत लिहिली होती. कोणी ओडिशातल्या तशाच पदार्थाशी तुलना केली होती. आहारशास्त्राच्या कोणी त्यातले घटक पुराव्यानिशी दिले होते. कोणी काशाच्या वाडग्यातल्या बासीचा फोटो लावला होता, मी तो मावशींना वर्णन करून सांगितला. त्या मान किंचित झुकवून ऐकत होत्या. मध्येच हात वर करायच्या, "हे वाक्य पुन्हा वाच," आणि मी वाचलं की म्हणायच्या, "चांगलं लिहिलं कोणी तरी."

संपल्यावर मी विचारलं, "मावशी, यातलं तुमचं कोणतं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "पहिली ओळ माझी होती. तीही बदलली वाटते कोणी." मग पहिली ओळ पुन्हा वाचायला लावली. "हव. बदलली. माझ्यापेक्षा साधी केली." आणि त्या मनापासून हसल्या, लेकराची खोडी पाहून आई हसते तसं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. थोडी तरी खंत दिसेल असं मला वाटत होतं. दिसली नाही.

"पण एक राहिलं," त्या म्हणाल्या. "सकाळी खातेत एवढंच आहे. दुपारी खात नाहीत काय? विचारलं पायजे."

गाडीची वेळ झाली होती. मी पाया पडले, मुलीचा निरोप घेतला आणि फाटकापर्यंत आले. कुंपणाच्या भिंतीला रंग देणारा एक माणूस शिडीवर उभा होता. मावशींना त्याच्या ब्रशचा आवाज ऐकू येत असावा.

"भैया," त्यांनी त्या आवाजाकडे तोंड करून छत्तीसगढीत हाक मारली, "तोर गाँव म बासी मंझनिया घलो खाथें का?"

त्यानं ब्रश थांबवला. असा प्रश्न त्याला कोणी कधी विचारला नसावा. "हव दाई," तो म्हणाला, "मंझनिया घलो खाथन."

"कइसे? का संग?"

दुपारीही खातात खरं, पण कशाबरोबर, हे सांगायला तो शिडीवरून खाली उतरला. ब्रश डब्यावर आडवा ठेवून ओट्याच्या पायरीवर बसला आणि हातवारे करून सांगायला लागला. ते हातवारे मावशींना दिसत नव्हते. त्या खुर्चीच्या काठावर पुढं सरकल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ जरासे उघडे, आणि त्याचा एकही शब्द सुटू नये म्हणून श्वास धरून ऐकत होत्या.